हात उचलायचा नाही

आमच्या ह्यांनी डुबलची गचांडी धरून त्याला पाण्याच्या टाकीवर दाबला होता आणि डुबल हसत होता. मी धापा टाकत गच्चीवर पोचले तेव्हा हे असं चाललं होतं. आमच्या घराला जाणारा पाइप कापून पडलेला, करवत तिथंच टाकलेली, आणि डुबलचा पुतण्या अमर मोबाइल धरून उभा. ह्यांची मूठ वर गेली होती.

"मार की, खराडे," डुबल म्हणाला. "अमऱ्या, नीट घे रं. तोंड आलं पाहिजे त्याचं."

मी पळत जाऊन ह्यांच्या मनगटाला लोंबकळले. एसटीत कंडक्टर होते मी, भरल्या गाडीत उभ्यानं तिकिटं फाडलेली बाई, माझ्या अंगात काही कमी जोर नव्हता. पण हिंदुराव खराडे एकदा तापले की दोन गडी पुरायचे नाहीत. कानात ओरडले, अहो, तो तुमचा पिक्चर काढतोय, सोडा. तेव्हा कुठं ह्यांनी डुबलला सोडला आणि ती मूठ टाकीच्या भिंतीवर मारली. भिंतीला काय होतंय. ह्यांचीच बोटं फुटली आणि रक्ताचे थेंब जिन्यातून आमच्या दारापर्यंत पडत आले.

सांगलीतली आमची ती सोसायटी. हे एसटीत ड्रायव्हर, मी कंडक्टर. दोघांच्या नोकरीतून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसरं काही नाही. पोरगी सासरी गेलेली. संपत डुबल आमचा चेअरमन. त्याचे जेसीबी होते, वीटभट्टी होती आणि तोंडात कायम तंबाखूचा मावा असायचा. सगळ्यांच्या मालकीच्या गच्चीवर त्यानं पत्र्याचं शेड ठोकून पुतण्याला व्यायामशाळा काढून दिली. दिवसभर डोक्यावर लोखंड आपटायचं. आम्ही वरच्या मजल्यावर, सगळा दणका आमच्या छतावर. कोणी बोलेना, म्हणून ह्यांनी महापालिकेत अर्ज केला आणि माणसं येऊन शेड पाडून गेली. तेव्हापासून डुबलनं आम्हाला धरलं.

आधी पाणी तोडलं. मग ह्यांच्या गाडीचा आरसा फोडला. दारात मेलेली घूस टाकली. दर वेळी अमर मोबाइल घेऊन कोपऱ्यात उभा, कारण ह्यांचा राग साऱ्या सांगली डेपोला ठाऊक होता. डुबलला ह्यांचा एक फटका हवा होता, फक्त एक. गच्चीवरचा तो व्हिडिओ घेऊन तो पोलीस चौकीत गेलाच, आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या दाराला नोटीस चिकटवली. विशेष सभा. विषय एकच: सभासद हिंदुराव खराडे मारकुटे असून सोसायटीच्या जिवाला धोका आहेत, सबब त्यांना सभासदत्वावरून काढून टाकणे. सभासदत्व गेलं की घर गेलं.

ह्यांनी नोटीस वाचली आणि कोपऱ्यातली गाडीची टॉमी, ती लोखंडी पहारच, उचलली. मी दाराला आडवी झाले. म्हणलं, आधी मला हाणा, मग खाली जावा. टॉमी टाकली आणि मटकन खाली बसले. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांना रडताना बघितलं मी. म्हणाले, "मास्तर, वकील बघ." ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तरच म्हणतात. घरीसुद्धा मी मास्तरच.

आता वकील कसा बघायचा? आमच्या नात्यात वकील नाही, ओळखीत नाही. पण माझी गाडी रोज कोर्टावरून जायची आणि काळे कोटवाले तिकिटं काढायचे. ते आपापसात काय बोलतात हे कंडक्टरइतकं कोण ऐकणार? एकमेकांचं कौतुक सगळेच करायचे. शिव्या मात्र एकालाच पडायच्या, मगदूम. तो हलकट मगदूम पुन्हा तारखेचा मुद्दा काढतो, तो मगदूम एका स्वल्पविरामावरनं केस उडवतो. मी मनात म्हणलं, ज्याच्या नावानं सगळे खडे फोडतात तोच आपला माणूस.

बाहुबली मगदूम नाव. नाव बाहुबली आणि अंगानं काडी. टेबलावर कागदांचा ढीग, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आम्ही बसलो तरी त्यानं आमच्याकडं धड बघितलं नाही, नोटीस घेतली आणि वाचायला लागला. पुन्हा वाचली. मग बोटानं तारीख दाबून धरली आणि गालात हसला. म्हणाला, पुरेशी मुदतच दिलेली नाही त्या लोकांनी. ही सभाच बेकायदा आहे. तिथं काहीही ठरवू देत, सोसायट्यांच्या निबंधकाच्या कार्यालयात मी ते फाडून ठेवतो.

मी विचारलं, मग आम्ही जायचंच नाही का सभेला? म्हणाला, जायचं, पण आक्षेपाचं पत्र द्यायला. एक प्रत हातात द्यायची, एक मी पोस्टानं पाठवतो. द्यायचं आणि शांत बसायचं. मग चष्म्यावरून पहिल्यांदाच ह्यांच्याकडं बघितलं.

"आणि एक. हात उचलायचा नाही. ते तुम्हाला भाग पाडतील, त्यांना तेच हवंय. पण काही झालं तरी हात उचलायचा नाही. एकदा उचललात की तुम्हीच तुमचं घर त्यांना देऊन टाकलंत."

ह्यांनी आपल्या फुटलेल्या बोटांकडं बघितलं.

माझा जीव राहीना. म्हणलं, "आणि साहेब, त्यांनी उचलला तर?"

"उचलू द्या की. ते तर उचलणारच," वकील पुन्हा कागदात डोकं घालत म्हणाला. "सगळ्यांनी उचलला तरी तुम्ही आपले गप्प बसा. आपलं काही बिघडत नाही."

हे उठले, टेबलाला हात लावून म्हणाले, जोतिबाची आण साहेब, मी हात उचलणार नाही. मगदूम जरासा चमकला. एवढ्याशा गोष्टीला कोणी आण घेत नाही असं त्याच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, कोर्टातला माणूस, त्याला देवाची आण काय कळणार.

सभेपर्यंतचे दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत. ह्यांनी हात खिशात घालून चालायची सवय लावून घेतली. नदाफभाभी शेजारच्या, त्यांच्या नळाचं पाणी आम्ही भरायचो, तर अमर जिन्यात आडवा उभा राहून ह्यांच्या हातातली घागर लाथेनं उडवायचा. हे काही न बोलता घागर उचलून परत जायचे. आत येऊन दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायचे, धाड धाड, कपाळाला टेंगूळ येईपर्यंत. मी धरायला गेले की म्हणायचे, असू दे मास्तर, कुठं तरी निघाला पाहिजे ना राग. मला डुबलचा गळा चावून काढावा वाटायचा. खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सगळी सोसायटी आली होती, माना खाली घालून. डुबल टेबलामागं, अमर आणि त्याच्या व्यायामशाळेतले दोघं बाजूला. ते सभासदही नव्हते, पण विचारणार कोण? टेबलाच्या कडेला मोबाइल शूटिंगला लावून ठेवलेला होताच.

हे पुढं गेले, पत्र दिलं, म्हणाले, ही सभा आम्हाला मान्य न्हाय, ह्यावर सही द्या. डुबलनं पत्र वाचलंसुद्धा नाही. त्यात मावा थुंकला, चुरगाळलं आणि ह्यांच्या छातीवर फेकलं. हे मागं आले आणि माझ्या शेजारी बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

डुबलच्या ध्यानात आलं ते. तो टेबल सोडून आला आणि ह्यांच्या तोंडात मारली. साधी चापट नाही, पंजा उघडून, पूर्ण वळून. ह्यांची मान फिरली, ओठ फाटला.

"उचल की हात," डुबल म्हणाला. "गच्चीवर उचलला होतास ना?"

"मला हात उचलायचा न्हाय," हे म्हणाले.

ती पोरं खिदळली. अमरनं ह्यांच्याखालची खुर्ची लाथेनं उडवली. हे फरशीवर पडले आणि पडल्यापडल्या त्यांनी हात काखेत घट्ट दाबले. अमरनं तीच खुर्ची ह्यांच्या पाठीत घातली, खुर्चीचे पाय मोडेपर्यंत घातली. मग लाथा. बरगडीवर, कमरेवर. मी झेपावले तर त्या दोघांनी मला मागून धरलं. मी एकाचा हात चावला, इतका की तोंडात त्याच्या रक्ताची चव आली. तो बोंबलला पण दुसऱ्यानं सोडलं नाही. मी त्याच्या नडगीवर टाचा मारत होते, येतील त्या शिव्या घालत होते, आणि हे खालून माझ्याकडं बघत होते. तोंड रक्तानं भरलेलं.

"मास्तर, न्हाय," म्हणाले. "तू पण न्हाय. घर जाईल."

ते ऐकलं आणि मी टाचा मारायचं थांबले.

अमरला चेव चढला होता. मार खाणारा माणूस ओरडला, पाया पडला, निदान उलटून आला तर मारणाऱ्याला समाधान. हे काहीच करत नव्हते. शेड पाडल्यावर व्यायामशाळेचं सामान खाली आणून ठेवलं होतं, त्यातला भिंतीला टेकवलेला डंबेलचा दांडा त्यानं घेतला. नदाफभाभी किंचाळल्या. दांडा वर गेला तो ह्यांनी बघितला, मीही बघितला. डोळ्यात चिलट जायला लागलं तरी माणूस हात आडवा धरतो. आपोआप धरतो, ठरवावं लागत नाही. ह्यांनी धरला नाही. दोन्ही हात काखेत तसेच, तोंड वर, आणि दांडा डाव्या डोळ्यावर बसला. तो आवाज मी कोणाला सांगणार नाही.

मग मात्र लोक उठले. खुर्च्या पडल्या, नदाफभाभींनी टेबलावरचा तांब्या अमरच्या टाळक्यात घातला, कोणी तरी मला सोडलं. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर डोळ्यावर दाबला. पदर भिजून रक्त माझ्या मनगटावरून वाहायला लागलं. आणि तेवढ्यात डुबल टेबलामागं परत गेला. तुम्हाला खरं वाटायचं नाही, पण तो म्हणाला, ठराव मांडलाय, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. आमचा माणूस त्यांच्या पायाशी पडलेला, आणि ती सगळी चांगली माणसं, बँकेतली, शाळेतली, आमच्या घरची पुरणपोळी खाल्लेली, एकेक करून हात वर करायला लागली. एकट्या नदाफभाभी रिक्षा आणायला पळाल्या होत्या.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा काढला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. पोलिसांनी अमरला उचललं, डुबल पळाला. हे शुद्धीवर आले तेव्हा पहिलं मला विचारलं, मी हात उचलला न्हाय ना? म्हणलं, नाही, नाही उचलला. हसले. पट्टीतून तेवढा एकच डोळा बाहेर, तो हसला.

दिवस मावळायच्या आत मगदूम वकील आला. कॉरिडॉरमध्ये मी बाकावर बसले होते. घाईत आलेला, शर्टाची बटणं खालवर लावलेली. माझ्या साडीवरचं रक्त बघून जागीच थांबला. शेवटी धंद्याचंच बोलला. म्हणाला, पत्र दिलंत ना? मी मान हलवली. म्हणाला, मग खराड्यांनी हात तर नाही ना उचलला?

"नाही साहेब," मी म्हणलं. "डोळा दिला पण हात उचलला नाही. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं."

"डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध?"

"तुम्हीच म्हणाला होता की. काही झालं तरी हात उचलायचा नाही. त्यांनी उचलला तरी गप्प बसायचं."

मगदूमच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. तो बाकाच्या पाठीला धरून हळूच खाली बसला.

"अहो बाई," तो म्हणाला. "मी मतदानाचं म्हणत होतो. ठरावाला हात उचलायचा नाही, बाजूनंही नाही, विरोधातही नाही. एकदा मत दिलं की सभा मान्य केल्यासारखं होतं, म्हणून. मारायला आल्यावर हात धरायचा नाही असं कुठला वकील सांगेल? कायद्यानं हक्क आहे तो. त्यांनी चार फटके परत दिले असते तरी आपलं काही..."

पुढचं मी ऐकलं नाही. त्याच्या कानाखाली काढली. आयुष्यात एवढ्या जोरात कोणाला मारलं नव्हतं. चष्मा उडून भिंतीवर फुटला. तो हलला नाही, म्हणून दुसऱ्या हातानं दुसऱ्या गालावर मारली. नर्स धावत आली. त्यानं हातानंच तिला थांबवलं, काही नाही, काही नाही म्हणाला, आणि माझ्यापुढं तसाच बसून राहिला. दोन्ही गाल लाल, डोळ्यांत पाणी. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि हमसून हमसून रडले, त्याच कॉलरमध्ये तोंड घालून. मारायला तोच आणि रडायला तोच, तिथं दुसरं होतं कोण?

कधी तरी रडणं थांबलं. तेव्हा मी त्याला म्हणलं, "हे ह्यांना कळता कामा नये."

"पण मला माफी मागायची आहे त्यांची."

"माझ्याकडं मागा. हजारदा मागा. पण ह्यांना कळलं की आपण उगीच मार खाल्ला, तर हे दुसरा डोळाही ठेवणार नाहीत. तुम्हाला नाही माहीत हा माणूस. सगळं आयुष्य रागापायी फुकट घालवलं, एकदाच राग गिळला."

त्यानं मान हलवली. त्यानं आमच्याकडून फी घेतली नाही. मी द्यायलाही गेले नाही.

पुढं सगळं झालं. त्यांनीच काढलेल्या व्हिडिओवर अमर तुरुंगात गेला. डुबलही सापडला, जामिनावर सुटला, पण फ्लॅट विकून निघून गेला. आणि निबंधकानं तो ठराव पहिल्याच सुनावणीत रद्द केला. माराचा विषयच निघाला नाही तिथं. साहेबांनी नोटिशीची तारीख बघितली, सभेची तारीख बघितली आणि संपलं. चहा पिऊन होईपर्यंत आमचं घर आमचं राहिलं.

निकालाचा कागद घेऊन मगदूम घरी आला. हे खिडकीपाशी बसले होते, काळा चष्मा लावून. कागद हातात घेऊन कुरवाळत राहिले. वकिलाला जबरदस्तीनं पलंगावर बसवलं आणि सभेची सगळी गोष्ट त्यालाच सांगितली, जशी पुढं येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. अमर कसा मारत होता, हात कसे आपोआप निघायचे आणि ह्यांनी ते कसे दाबून धरले. सांगताना मान ताठ. एसटीत अपघाताशिवाय नोकरी केल्याचा बिल्ला मिळाला होता तेव्हासुद्धा ह्यांची मान अशी ताठ झाली नव्हती. मगदूम खाली फरशीकडं बघत ऐकत होता. मी चहाचा ट्रे घेऊन मधल्या दारात उभी.

"एक विचारू का साहेब?" हे म्हणाले. "खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको. त्या वेळेला मी नुसता हात आडवा धरला असता, मारायला नव्हे, नुसता डोळ्यापुढं, तरी घर गेलं असतं?"

कागदातल्या एका तारखेसाठी जीव टाकणारा तो माणूस. शब्द कधी इकडचा तिकडं केला नव्हता त्यानं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काही केलं नाही, नुसती बघत राहिले त्याच्याकडं.

"गेलं असतं, खराडे," तो म्हणाला. "ते हात उचलल्यातच धरलं असतं."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. किती दिवस कोंडून ठेवला होता कोण जाणे. मग माझ्याकडं वळले. मला सवय नव्हती अजून, डाव्या बाजूला उभं राहिलं की ह्यांना पूर्ण मान वळवावी लागायची.

"ऐकलंस मास्तर? मग स्वस्तात पडलं की घर."

"हो," मी म्हणलं. "स्वस्तातच पडलं."